वह्या पुरे झाल्या, कोर्टाच्या तारखेवर कोणी सोबत येता का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालं आहे. जागा नसेल तर कुठूनही कापा, पण फोटोचा भाग तेवढा राहू द्या.

आमच्याकडे विदर्भात उन्हापायी शाळा उशिरा उघडतात, जून संपता संपता. अन् शाळा उघडल्या की वाटपाचा सिझन सुरू होतो. कोणाचा वाढदिवस, कोणाची पुण्यतिथी, कोणाचं मंडळ, अन् झेडपीच्या शाळेत वह्या, कंपास, दप्तर, खाऊ. मी नावं ठेवत नाही, माझ्या स्वतःच्या पोरानं अशाच वाटपातली कंपास दोन वर्षं वापरली. पण यावर्षी एका मंडळानं बाजूच्या गावात पंधरा-वीस पोरं ओळीत उभी केली, प्रत्येकाच्या हातात वह्यांचा गठ्ठा, मागं बॅनर, अन् तो फोटो तालुक्यातल्या चार व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, "अनाथ, निराधार व अत्याचारपीडित मुलांना शालेय साहित्य वाटप". आता अनाथ कोण अन् निराधार कोण हे गावाला पहिलेच माहीत असते, मग उरलं कोण? पूर्ण तालुक्याला एका मिनिटात समजलं. त्या ओळीतली अत्याचार झालेली पोरगी आठ दिवस शाळेत गेली नाही. तिच्या आजीनं त्या वह्या तशाच फडक्यात बांधून फळीवर ठेवल्या, सहा होत्या, शंभर पानी.

फोटो टाकणारे पोट्टे वाईट नाहीत हो. मी फोन केला तर त्यातला एक खरंच घाबरला, म्हणे, "काका, आमाले वाटलं चांगलं काम आहे, लोकायले समजलं पाहिजे." डिलीट केला त्यांनी. पण व्हॉट्सॲपवरून डिलीट केल्यानं काय होते ते तुम्हाला माहीत आहे, दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तोच फोटो एक जण मोठा करून करून पाहून राहिला होता. पॉक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं कलम २३ आहे, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, दोन्हीचा अर्थ एवढाच की अशा लेकराचं नाव, फोटो, शाळा, घर, नातेवाईक, ज्याच्यानं ओळख पटेल असं काहीच बाहेर यायला नको. पेपरवाल्यांना हे पाठ असते. मंडळवाल्यांना कोणी सांगतच नाही, अन् बॅनर छापणाऱ्याला तर नाहीच नाही. म्हणूनच माझं नाव-गाव तुमच्या ऑफिसला वेगळं कळवलं आहे, ते छापू नका, कारण माझं गाव समजलं की पोरीचं गाव समजते.

माझं तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाईन फॉर्म, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सगळंच. तहसीलच्या जवळ आहे म्हणून चालते, लाईन गेली की बसून राहतो. झेरॉक्सवाल्याला गावाचं जेवढं माहीत असते तेवढं डॉक्टरलाही नसते, कोणाचा सातबारा, कोणाचा फारकतीचा कागद, कोणाचा मृत्यू दाखला, सगळं आमच्या काचेवर उलटं पडते. तीन वर्षांआधी एक बुढी आली, वर लिहिलेल्या पोरीची आजी, एक कागद पुढं केला, "दोन कॉप्या मारून दे बाबू" म्हणे. कागद म्हणजे समन्स होतं, जिल्ह्याच्या विशेष न्यायालयाचं. वाचायला नको होतं पण डोळे जातातच. सोबत नात, अकरा वर्षांची, हातात स्टीलची पाण्याची बॉटल. बुढीनं मला विचारलं, "हे कोर्ट कोन्त्या फाट्यावर उतरा लागते?" तिला वाटलं कोर्ट म्हणजे तहसीलसारखं असेल, एसटीतून उतरलं की समोर.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती घरी ब्लाऊज शिवते, बोलते कमी. म्हणे, "मंग तुमी काय केलं?" मी म्हटलं, पत्ता लिहून देला. "पत्ता लिहून देला? वाचता येते का तिले?" यावर मी गप्प. तारखेच्या दिवशी आम्ही दोघं दुकान बंद ठेवून त्यांच्यासोबत गेलो. तेव्हापासून हे सुरू आहे. आता आम्ही चौघं-पाच जण आहो, मी, बायको, एक रिटायर एसटी ड्रायव्हर, एक अंगणवाडी सेविका अन् अधूनमधून एक नर्सिंगची पोरगी. संस्था नाही, रजिस्ट्रेशन नाही, पावतीपुस्तक नाही.

साहेब, तुमचे रिपोर्टर निकालाच्या दिवशी कोर्टात जातात, मी बाकीच्या दिवसांचं सांगतो.

पहिली गाडी सव्वासहाची. बुढी पंच्याहत्तरच्या वर, तिला एसटी फुकट. पोरीचं अर्धं, बायकोचं अर्धं, पूर्ण तिकीट माझं एकट्याचं, त्याच्यावर बुढी पहिल्यांदा हसली, "तुमीच महाग पडले बाप्पा" म्हणे. तिनं फडक्यात भाकरी अन् जवसाची चटणी बांधून आणली होती, आम्हा सगळ्यांपुरती, आम्ही कोण आहो हे धड माहीत नसताना. साडेनऊला पोचलो. कोर्टाच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक, त्याच्यावर आम्ही, अन् समोरच्या भिंतीला टेकून आरोपीकडचे पाच-सहा लोक. गावचेच. त्यातली एक बाई सरळ पोरीजवळ आली अन् एकदम घरच्यासारखं विचारलं, "जेवली का वो?" बस एवढंच. पोरीनं उत्तर नाही दिलं, बॉटलचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. दुपारी अडीचपर्यंत तेच सुरू होतं. मग पुकारा झाला, समोरचे वकीलसाहेब आले नव्हते, पुढची तारीख.

अशा चार तारखा झाल्या. एकदा वकील नव्हते, एकदा जजसाहेबांची बदली झालेली, एकदा पंच आला नाही म्हणून गडबड, अन् एकदा तर आम्ही पोचलो तेव्हा समजलं की आज कामकाजच नाही. प्रत्येक वेळेस बुढीची मजुरी बुडाली, पोरीची शाळा बुडाली, अन् प्रत्येक वेळेस आदल्या रात्री पोरीला ताप. कायद्यात लिहून आहे की कोर्टानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत लेकराची साक्ष नोंदवावी अन् एका वर्षात शक्यतो खटला संपवावा. आमचं सगळं आयुष्य त्या शक्यतोवर बसून आहे.

पाचव्या वेळेस साक्ष झाली. तोपर्यंत मी पॉक्सोचं कलम ३३ वाचून ठेवलं होतं (दुकानात इंटरनेट आहे, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा). त्याच्यात आहे की लेकराचा ज्याच्यावर भरवसा आहे असा घरचा माणूस, पालक, मित्र किंवा नातेवाईक कोर्टात सोबत राहू शकतो. वकिलानं लेकराला डायरेक्ट प्रश्न विचारायचे नाहीत, जजसाहेबांना द्यायचे, ते विचारतील. मधात सुट्टी द्यायची. लेकराला आरोपी दिसायला नको अशी व्यवस्था पाहिजे, ते कलम ३६. सरकारी वकील मॅडमला बायकोनं हिंमत करून विचारलं, मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी अर्ज केला अन् बायकोला आत बसता आलं. आत काय झालं ते तिनं मला आजपर्यंत सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच सांगितलं की मधात पडदा होता, अन् पोरीनं पाणी मागितलं तेव्हा जजसाहेबांनी सगळ्यांना थांबवलं. बाहेर आल्यावर पोरीनं पहिले मला बॉटल दाखवली, रिकामी होती. म्हणे, "भरून आना काका."

मी हे एवढं बारीक यासाठी लिहून राहिलो की यातलं कोणतंच काम अवघड नाही. बसायचं आहे. पाणी भरून आणायचं आहे. बाथरूम कुठं आहे ते पाहून ठेवायचं अन् आरोपीकडची माणसं जवळ आली तर मधात उभं राहायचं. याला ना डिग्री लागते ना देणगी. लागतो तो कामाचा दिवस, मंगळवार नाहीतर गुरुवार, अन् तोच कोणाजवळ नसतो. रविवारी वाटपाला चाळीस जण येतात.

नंतर समजलं की याची सोय कायद्यातच आहे. पॉक्सोचे २०२० चे नियम आहेत, त्यात 'सहाय्यक व्यक्ती' नावाचं पद आहे. बाल कल्याण समितीनं लेकराच्या अन् पालकाच्या संमतीनं असा माणूस नेमून द्यायचा, तपासापासून निकालापर्यंत सोबत राहणारा, तारीख कळवणारा, नुकसानभरपाईचं सांगणारा, अन् सगळं गुप्त ठेवणारा. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही याच्यावर आदेश देले. आमच्या बुढीला हे कोणी सांगितलं नव्हतं. एका कागदावर अंगठा घेतला होता म्हणते, कशाचा ते तिला माहीत नाही. मागून एक ताई नेमून भेटली, एमएसडब्ल्यू (समाजकार्य) झालेली, मनापासून करणारी, पण ती राहते जिल्ह्याला अन् अख्ख्या जिल्ह्यातली लेकरं तिच्या अंगावर. ती फोनवर असते, व्हरांड्यातल्या बाकावर कोण बसणार?

आता आमची स्वतःची चूक सांगतो, नाहीतर वाटेल हा शहाणा फक्त दुसऱ्याचंच काढून राहिला. दुसऱ्या तारखेला बसस्टँडवर माझ्या ओळखीचा एक जण भेटला, "कुठं चालले सक्काळी सक्काळी, अन् ही कोणाची पोरगी?" माझ्या तोंडातून सहज निघून गेलं, कोर्टात चाललो, तारीख आहे हिची. बस. दोन दिवसांत त्या गावात एक बाई पोरीच्या घरी 'भेटायला' आली. आयुष्यात कधी न आलेली. बायको माझ्याशी चार दिवस बोलली नाही अन् बरोबरच केलं. मंडळाच्या पोट्ट्यांनी फोटोतून जे केलं तेच मी तोंडानं केलं होतं, फक्त माझ्याजवळ बॅनर नव्हता. तेव्हापासून कोणी विचारलं तर एकच उत्तर, "काम आहे." लोकांना राग येतो, येऊ द्या.

आणखीन काही गोष्टी ठेच लागूनच शिकलो. पोरीसोबत एक बाई पाहिजेच, अन् एकटा कोणीच नको, दोघं पाहिजे. गाडीवर डबलसीट न्यायचं नाही. घरी बोलवायचं नाही. काय झालं होतं असं चुकूनही विचारायचं नाही, अन् साक्षीच्या आधी "असं सांग, तसं सांग" तर बिलकुलच नाही, त्याच्यानं केस बुडते अन् लेकराच्या डोक्यात गोंधळ होतो. ती स्वतःहून बोलली तर ऐकायचं, मधात "अरे बापरे" करायचं नाही. पोरीला ड्रेस, मोबाईल, चॉकलेटचा डबा असं काही द्यायचं नाही, समोरचा वकील उद्या म्हणेल फूस लावली.

अन् एक गोष्ट जी कोणाला आवडत नाही. मी पोलीस स्टेशनला जाऊन स्वतःच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज केला. तिथला शिपाई हसला, "नोकरी लागली का काका या वयात?" नोकरीची गोष्ट नाही. लेकरांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो, अन् ओळख वाढवायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे मदत. जो माणूस दर रविवारी गरीब वस्तीत खाऊ घेऊन जातो त्याच्याकडं पाहून आपण हात जोडतो, विचारत नाही. विचारलं पाहिजे. मला विचारलं तरी मला राग येणार नाही, कागद दुकानात लॅमिनेट करून ठेवला आहे.

लोक मला विचारतात, "तुमाले काय भेटते याच्यात?" सुरुवातीला मी समजावत होतो. आता म्हणतो कमिशन आहे. त्याच्यावर लोकांचं समाधान होते.

गावात केस होते तेव्हा पहिले काय होते ते तुम्हालाही माहीत आहे. बैठक बसते. मारुतीच्या पारावर नाहीतर कोणाच्या छपरीत, रात्री नऊनंतर, चार मोठे माणसं, "पोरीच्या जातीचं आहे, उद्या लग्न करा लागन, कायले कोर्टकचेरी", एक जण पैशाचा आकडा काढतो, अन् एखादा तर म्हणतो की त्याच्याशीच लावून द्या मोठी झाली की. बुढीच्या घरीही हे झालं. तिनं काय केलं माहीत आहे? चहा केला सगळ्यांना, कपबश्या उचलल्या, अन् सकाळी पायी फाट्यावर गेली, तिथून काळीपिवळीनं ठाण्यात. वाचता येत नाही तिला. बैठकीतले दोघं ग्रॅज्युएट होते. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा माहीत असणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवायचं असते, नाही कळवलं तर कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणजे बैठक बसवणारे स्वतःच गुन्हा करून राहिले असतात, चहा पिता पिता.

अन् गावात यासाठी समिती असते बरं का. ग्राम बाल संरक्षण समिती, अध्यक्ष सरपंच, त्यात अंगणवाडी सेविकाही असते. एका ग्रामपंचायतीचे या समितीचे ठराव माझ्याकडे झेरॉक्सला आले होते, तीन वर्षांच्या सगळ्या बैठका, सगळ्या सह्या एकाच पेनाच्या अन् एकाच बैठकीत बसून केल्यासारख्या. दोन रुपयाला एक पान, मी अठरा पानं काढून देली.

वाटपाचं म्हणाल तर मी काही घरं आतून पाहिली आहेत. एका घरी तीन दप्तरं होती, तिन्हीवर वेगवेगळ्या साहेबांचे फोटो, त्यातल्या एकात कोंबड्यांसाठी कण्या भरून ठेवलेल्या. दुसरीतल्या पोराला दुरेघी वही लागते, सगळे देतात एकरेघी. अन् त्याच घरी बाप जाऊन दोन वर्षं झालेली, फवारणीचंच औषध घेतलं होतं, सरकारी कमिटीनं केस 'अपात्र' ठरवली म्हणून शेतकरी आत्महत्येची १ लाखाची मदत नाही (३० हजार हातात अन् ७० हजार डिपॉझिट असं असते ते), अन् त्या माउलीला वाटत होतं की एकदा अपात्र झालो म्हणजे सगळ्यालाच अपात्र. असं नाही ना. बालसंगोपन योजना आहे, आता सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं आहे, एकल पालकाच्या लेकरालाही महिन्याला २,२५० रुपये, २०२३ च्या आधी ११०० होते. त्याच्यात बाप कसा गेला हे कोणी विचारत नाही. मृत्यू दाखला, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, अन् घरासमोर उभं राहून काढलेला माय-लेकरांचा फोटो. हा फोटो तेवढा काढा खुशाल, तो फाईलमध्ये जाते, ग्रुपवर नाही. तिचं आधारवर नाव वेगळं, पासबुकवर वेगळं, रेशन कार्डावर माहेरचं, एवढं दुरुस्त करायला माझे चार महिने गेले. वाटप करणाऱ्या चाळीस जणांतल्या एकानंही कधी विचारलं नव्हतं, बाई तुझे कागद कुठं आहेत.

मनोधैर्य योजनेचं, म्हणजे अत्याचारपीडित बाया-लेकरांच्या मदतीच्या योजनेचं, तेच. २०१३ पासून आहे, गुन्हा कोणता त्याप्रमाणे १० लाखांपर्यंत मदत, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. ते ऑफिस कोर्टाच्याच आवारात. बाई किंवा लेकरू असेल तर उत्पन्नाची अट न लावता वकीलही फुकट देतात. बुढी दीड वर्ष त्या दाराच्या समोरून गेली, बोर्ड वाचता येत नाही, अन् वाचता येणारे आम्ही बोर्ड पाहत नव्हतो.

आपल्या भागाला हे नवीन शिकवायचं काम नाही खरं म्हणजे. गाडगेबाबा इथलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १९५६ ला वलगावजवळ देह ठेवला. बाबा गावात आले की पहिले झाडू, कीर्तन रात्री. पाया पडू देत नव्हते. आज त्यांच्या पुण्यतिथीला आम्ही स्टेजवर झाडू धरून फोटो काढतो, झाडू नवा कोरा, त्याचं प्लास्टिक पण काढलेलं नसते. अन् आजच्या काळातलं पाहायचं तर अचलपूर तालुक्यात वझ्झरला जाऊन या. शंकरबाबा पापळकरांनी १२३ बेवारस दिव्यांग लेकरांना स्वतःचं नाव देलं, बापाच्या रकान्यात स्वतः उभे राहिले. २०२४ ला पद्मश्री भेटली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण ते कितीतरी वर्षांपासून जे ओरडून सांगून राहिले, की अठरा वर्षं झाली म्हणून अशा लेकराला बालगृहातून बाहेर काढू नका, ते जाईल कुठं, त्याचं स्टेटस मी कोणाचं पाहिलं नाही. अमरावतीच्याच मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसलेंनी झेडपीची मास्तरकी सोडून फासेपारधी लेकरांची 'प्रश्नचिन्ह' शाळा काढली, भीक मागणारी लेकरं गोळा करून. पुढं समृद्धी महामार्ग त्या शाळेच्या जागेतूनच गेला. समृद्धीवरून आता आपण नागपूरला भर्रकन जातो.

मी या लोकांच्या नखाचीही बरोबरी करत नाही, मी दुकानदार माणूस, सिझनला दुकान सोडायला जिवावर येते. सांगायचं एवढंच की यातल्या कोणीच 'वाटप' केलं नाही, ते राहिले. आपल्याकडच्या मदतीला एक्स्पायरी डेट असते, बॅनर उतरला की संपली.

मंडळवाल्या पोट्ट्यांना मी वाईट म्हणणार नाही हे वर लिहिलंच आहे. त्यातला जो घाबरला होता तो नंतर दुकानात आला, अर्धा तास उभा राहिला, मग म्हणे, "काका, मी सोबत येऊ का एखाद्या तारखेले?" मी त्याला सरळ हो म्हटलं नाही. पहिले पडताळणीचा अर्ज कर म्हटलं, मग आमच्या ड्रायव्हर साहेबांसोबत बालसंगोपनच्या कागदांसाठी फिर, पोरीच्या केसमध्ये आता नाही. थोडा हिरमुसला. पण गेल्या आठवड्यात तो एका माउलीला घेऊन तहसीलमध्ये तीन तास बसला होता, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, अन् मोबाईल खिशातच होता, हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं.

कोणाला खरंच करायचं असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, जिल्ह्याच्या महिला व बाल विकास ऑफिसमध्ये असतो तो, नाव द्या, पडताळणी करून घ्या, म्हणा की मी माझ्या तालुक्यात सोबत जायला तयार आहे. पहिल्या फेरीत होणार नाही, साहेब मीटिंगला असतील, दुसऱ्यांदा जा. गावात लेकराचं काही कानावर आलं तर १०९८, फुकट लागतो, आता सरकारच चालवते, बाईचं असेल तर १८१, अन् एकदम अडचण असेल तर ११२. नंबर दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरात लावून ठेवले आहेत, मागं एक जण वाचून म्हणे, "लोनचा नंबर आहे का हा?"

आता कामाची गोष्ट. बुढीच्या केसमध्ये पोरीची साक्ष झाली, पण डॉक्टर अन् तपास अधिकाऱ्याची बाकी आहे, अन् बुढीला स्वतःच्या उरलेल्या साक्षीसाठी परत बोलावलं आहे. पुढची तारीख ऐन सोयाबीन सोंगणीत येऊन राहिली, म्हणजे तिची वर्षाची सगळ्यात चांगली मजुरी त्याच दिवसांत. ती म्हणते, "मजुरी गेली तं गेली, पन मी एकटी नाही जाऊ शकत बाबू, मले तो जिना चढवत नाही." कोर्ट पहिल्या माळ्यावर आहे. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, अंगणवाडीच्या ताईंना त्या आठवड्यात सुट्टी नाही, नर्सिंगच्या पोरीची परीक्षा. मी जाईनच, पण एक बाई पाहिजे, चाळीस-पन्नाशीची, सव्वासहाची गाडी पकडू शकणारी, कमी बोलणारी. भाकरी बुढी आणते, ती ऐकत नाही.

आपला,
विदर्भातला एक झेरॉक्सवाला

ता. क. पत्र छापलं तर सोबत कोण्या लहान पोरीचा पाठमोरा, अंधारातला सिम्बॉलिक फोटो टाकू नका. आमच्याकडं वेणीवरूनही पोरगी ओळखतात.